आरपीजीमधले प्रत्येक डंजन वेगळे वाटावे यासाठी नेमके काय करावे?

धागाकर्ता : कंदीलवाला

नमस्कार. आम्ही तिघे मिळून गोडो या गेम बनवण्याच्या इंजिनमध्ये एक टूडी फँटसी आरपीजी (खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेतो असा व्हिडिओ गेम) तयार करत आहोत. खेळ वरून दिसणारा आहे, लढाई आळीपाळीने होते आणि कथेच्या ओघात खेळाडूला सहा डंजन्स (शत्रू, सापळे आणि खजिना असलेल्या बंदिस्त जागा) पार करावी लागतात : एक पडके देऊळ, राजघराण्याची थडगी, मिठाची खाण, किल्ल्याखालची तळघरे, बुडालेले ग्रंथालय आणि शेवटी खलनायकाचा मनोरा. कागदावर ही यादी पुरेशी वैविध्यपूर्ण दिसते. प्रत्यक्षात मात्र ज्या मित्रमंडळींनी पहिली चार डंजन्स खेळून पाहिली, त्यांना नंतर एखाद्या खोलीचा स्क्रीनशॉट दाखवला की ती खोली खाणीतली की तळघरातली, हे कुणालाच खात्रीने सांगता येत नाही.

आतापर्यंत आम्ही रंगसंगती बदलली, राक्षस बदलले आणि प्रत्येक ठिकाणाला स्वतंत्र संगीत दिले. तरीही खेळाडूच्या हातून घडणाऱ्या क्रिया सगळीकडे त्याच राहतात, म्हणजे खोलीत शिरायचे, लढायचे, पेटी उघडायची, बंद दारापाशी अडायचे, किल्ली शोधून परत यायचे आणि शेवटी बॉसला, म्हणजे तिथल्या सर्वांत बलाढ्य शत्रूला, हरवायचे. चित्रांचे काम एकटीच मैत्रीण सांभाळते, त्यामुळे सहा स्वतंत्र टाइलसेट (नकाशा ज्यांतून जोडला जातो त्या छोट्या चौकोनी चित्रांचे संच) होणे शक्य नाही. फार तर दोन होतील, आणि त्यांतच थोडाफार फेरफार करता येईल.

माझा प्रश्न असा आहे की, इतक्या मर्यादित सामग्रीत प्रत्येक डंजनला स्वतःचे व्यक्तिमत्त्व द्यायचे असेल, तर सुरुवात कुठून करावी? नकाशे प्रोसिजरल पद्धतीने, म्हणजे हाताने न काढता संगणकाकडून नियमांनुसार, तयार केले तर वैविध्य वाढेल, असे आमच्यातल्या एकाचे मत आहे. त्याबद्दलही जाणकारांनी लिहावे.


प्रतिसाद : तटबंदी

तुम्ही निदान स्वतःच लिहून ठेवले आहे. खेळाडूच्या हातून घडणाऱ्या क्रिया सगळीकडे त्याच आहेत, म्हणून त्याच्या आठवणीही एकमेकींत मिसळतात. सजावटीवर आणखी वेळ घालवण्यापूर्वी प्रत्येक डंजनसाठी एक वाक्य लिहून पाहा : 'या जागी खेळाडूला असे काय करावे लागते, जे खेळात इतरत्र कुठेच करावे लागत नाही?' ज्या डंजनसाठी हे वाक्य लिहिता येत नाही, ते अजून तयार झालेले नाही असे समजावे, मग त्याची चित्रे कितीही सुंदर असोत.

1998 सालच्या 'ओकारिना ऑफ टाइम' या खेळातले वॉटर टेम्पल घ्या. तिथे सगळे देऊळ एकाच नियमावर उभे आहे : पाण्याची पातळी तीन उंचींवर ठेवता येते आणि ती बदलण्यासाठी ठरावीक तीन जागी जाऊन एक धून वाजवावी लागते. खोल्या त्याच असतात, पण पाणी चढले की मघाशी आवाक्याबाहेर असलेला कठडा जवळ येतो आणि उतरले की तळाशी दडलेली वाट मोकळी होते. खेळाडूला सगळी इमारत डोक्यात धरून विचार करावा लागतो, आणि म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही लोक त्या देवळाविषयी तावातावाने बोलतात. त्यातली बरीचशी नाराजी मूळ नियमावर नव्हती, असे माझे ठाम मत आहे. बुडण्यासाठी लागणारे लोखंडी बूट घालायला आणि काढायला दर वेळी खेळ थांबवून मेनू उघडावा लागे, त्याचा तो वैताग होता. 2011 च्या थ्रीडीएस या हातात धरायच्या कन्सोलवरील आवृत्तीत निर्मात्यांनी नियमाला हात लावला नाही. बूट थेट वापरता येतील अशी सोय केली आणि पाण्याची पातळी बदलण्याच्या जागांकडे नेणाऱ्या रंगीत रेषा भिंतींवर काढल्या. तेवढ्याने ते देऊळ कितीतरी सुसह्य झाले. नियम अवघड असला तरी चालतो, पण तो वापरण्याची कृती अवघड असता कामा नये, हे यातून घेण्यासारखे आहे.

'डार्क सोल्स'मधले टूम ऑफ द जायंट्स हे उदाहरण तुमच्या खेळाला अधिक जवळचे आहे, कारण तिथला नियम जवळजवळ फुकटात मिळतो. ती जागा अतिशय अंधारी आहे. कवटीचा कंदील हातात धरला तर पुढचे थोडेफार दिसते, पण कंदिलाने एक हात अडकतो आणि ढाल किंवा शस्त्र यांतले काहीतरी सोडावे लागते. डोक्यावर घालायचे प्रकाश देणारे शिरस्त्राण किंवा उजेडाचा मंत्र असेल तर हात मोकळे राहतात, परंतु ते आधी मिळवावे लागतात. त्या गुहेत शत्रू आहेत, कडे आहेत, घसरत्या उतरणी आहेत, आणि हे सगळे इतर ठिकाणीही आहे; पण 'पाहू की स्वतःला वाचवू' ही निवड खेळाडूला सतत तिथेच करावी लागते. यासाठी नवा टाइलसेट लागत नाही. तुमच्या थडग्यांमध्ये असे काही सहज करता येईल. लढाई आळीपाळीची असल्यामुळे मशाल धरणाऱ्या सोबत्याने दोन हातांचे शस्त्र वापरायचे नाही, असा एक साधा नियम घातला तरी लढाईचे सगळे डावपेच बदलतील.

फक्त एक पथ्य पाळा. एका डंजनमध्ये एकच नियम ठेवा, तो पहिल्या दोन-तीन खोल्यांत निर्धोकपणे शिकवा, मधल्या भागात त्याची परीक्षा घ्या आणि बॉसच्या लढाईत तोच उलटा फिरवा. पुढच्या डंजनमध्ये तो पुन्हा वापरण्याचा मोह होईल, तो टाळा. 'स्कायरिम'मध्ये ब्लीक फॉल्स बॅरोच्या दारावरची तीन कडी जुळवण्याचे उत्तर खेळाडूजवळच्या सोन्याच्या पंज्याच्या तळव्यावर कोरलेले असते. वस्तू हातात घेऊन उलटून पाहायची असते, हे पहिल्यांदा उमगते तेव्हा खरोखर आनंद होतो. पुढे अनेक थडग्यांत वेगवेगळे पंजे मिळतात आणि उत्तर दर वेळी तळव्यावरच असते. दुसऱ्या पंज्यानंतर ते कोडे उरत नाही, नुसता सोपस्कार होतो.


प्रतिसाद : नकाशेकरी

तटबंदी यांच्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, परंतु केवळ नियमावर भर दिला तर सहा वेगवेगळी कोडी तयार होतील आणि त्या सहा जागा आहेत असे वाटणार नाही. ही वास्तू कोणी बांधली, कशासाठी बांधली आणि नंतर तिथे काय बिघडले, या तीन प्रश्नांची उत्तरे नकाशा काढण्यापूर्वी ठरलेली असावीत. खेळाडूला ती सांगितली नाहीत तरी चालेल. खोल्यांच्या रचनेतून ती जाणवली पाहिजेत.

'बाल्डर्स गेट'च्या 1999 च्या विस्तारात डर्लाग्ज टॉवर नावाचे डंजन आहे. त्यातले सापळे अतिशय क्रूर आहेत, आणि त्यांना कारण आहे. डर्लाग हा बुटका योद्धा तिथे आपल्या आप्तांसह राहत होता. रूप बदलणाऱ्या डॉपलगँगर राक्षसांनी त्याच्या माणसांना मारून त्यांचीच रूपे घेतली, आणि शेवटी डर्लागला आपल्या बायकामुलांचे चेहरे असलेल्या प्राण्यांना स्वतःच्या हाताने मारावे लागले. त्यानंतर त्या भ्रमिष्ट माणसाने आपला मनोरा सापळ्यांनी भरून टाकला. तळघरात खेळाडूला चार पहारेकरी भेटतात आणि त्यांची नावे भय, प्रेम, अभिमान आणि हाव अशी आहेत. त्यांची कोडी सोडवता सोडवता आपण एका माणसाच्या उद्ध्वस्त मनातून चाललो आहोत, हे हळूहळू लक्षात येते. सापळे इतर डंजन्समध्येही असतात. इथला प्रत्येक सापळा मात्र पुन्हा कुणावरही विश्वास न टाकण्याचा निश्चय केलेल्या माणसाने लावलेला आहे.

आता तुमच्या टाइलसेटच्या अडचणीविषयी. 'स्कायरिम'ची डंजन्स मोजक्या सुट्या भागांच्या संचांतून उभी राहिली आहेत. जोएल बर्जेस आणि नेट पर्कीपाइल यांनी 2013 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये याविषयी सविस्तर मांडणी केली होती. त्यांनी सांगितल्याप्रमाणे हे संच तयार करणारे कलाकार दोनच होते आणि ते वापरणारे लेव्हल डिझायनर आठ. तीच कमान आणि तोच खांब पुन्हा पुन्हा दिसल्याने खेळाडूला जो कंटाळा येतो, त्याला ते कलेचा थकवा म्हणतात. आणि तो टाळण्याचा मार्ग म्हणजे तेच भाग त्यांच्या मूळ हेतूपेक्षा वेगळ्या तऱ्हेने जोडणे. जमिनीची फरशी भिंत म्हणून उभी करा, दोन संचांचे भाग एकमेकांत घुसवा, एखादी भिंत फोडून पलीकडची नैसर्गिक गुहा आत येऊ द्या. तुमच्याकडे दोन टाइलसेट असतील, तर 'फक्त पहिला', 'फक्त दुसरा' आणि 'एकाने दुसऱ्यावर केलेले अतिक्रमण' अशा तीन अगदी भिन्न जागा आत्ताच तुमच्या हातात आहेत.

त्याच खेळातले फ्रॉस्टफ्लो दीपगृह मला याचा उत्तम नमुना वाटतो. तळघराची भिंत फुटून खालच्या गुहेतले फाल्मर नावाचे राक्षस आणि त्यांचे महाकाय कीटक वर आलेले आहेत, आणि ती गुहा इतर दहा गुहांसारखीच आहे. पण त्या घरात एक कुटुंब राहायला आले होते. त्यांच्या रोजनिश्या विखुरलेल्या आहेत, त्यांतून आईवडील आणि दोन मुलांचे शेवटचे दिवस कळतात, आणि वडील हाब्द यांची इच्छाही कळते, की आपल्या अस्थी दीपगृहाच्या ज्वाळेत जळाव्यात. खाली सगळ्यांत मोठ्या कीटकाला मारल्यावर त्याच्या पोटात त्यांचे अवशेष सापडतात. ते वर नेऊन ज्वाळेत ठेवा असे कोणतेही क्वेस्ट (खेळाने दिलेली कामगिरी) सांगत नाही. ज्याने रोजनिशी वाचली तोच खेळाडू ते आपणहून करतो, आणि त्याला उपचाराच्या मंत्रांचा गुण दहा टक्क्यांनी वाढवणारा कायमचा आशीर्वाद मिळतो. त्या गुहेचा एकही दगड वेगळा नाही. तरीही तिथे गेलेला माणूस ती विसरत नाही.

उलट बाजूचे उदाहरण 2011 च्या 'ड्रॅगन एज 2'चे आहे. तिथे तोच नकाशा काही दारे बंद करून, काही उघडी ठेवून वेगवेगळ्या गुहा म्हणून वापरला गेला, आणि खेळाडूंच्या ते पहिल्या काही तासांतच लक्षात आले. खेळाची कथा आणि पात्रे उत्तम असूनही हा आरोप त्याला कायमचा चिकटला. एकच संच वापरणे वेगळे आणि एकच आराखडा वापरणे वेगळे. खेळाडू टाइल माफ करतो, आराखडा माफ करत नाही.

प्रोसिजरल निर्मितीबद्दल थोडक्यात. 1980 च्या 'रोग'पासून ती पद्धत चालत आली आहे आणि जिथे खेळाडू शेकडो वेळा खाली उतरतो तिथे ती शोभते. तुम्हाला फक्त सहा जागा हव्या आहेत आणि त्या लक्षात राहायला हव्या आहेत. त्या हातानेच काढा.


प्रतिसाद : गिरिभ्रमर

मी खेळ तयार करत नाही, खेळतो आणि किल्ले पाहतो. नकाशेकरी यांनी 'कोणी बांधले आणि कशासाठी' हा मुद्दा काढला म्हणून लिहितो. तुमच्या यादीतल्या किल्ल्याखालच्या तळघरांसाठी एकदा देवगिरीचा बारकाईने अभ्यास करा. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्यावर आहे.

देवगिरीच्या बालेकिल्ल्याचा डोंगर खालच्या बाजूने चहूकडे उभा तासून काढलेला आहे, त्यामुळे चढायला जागाच नाही. पायथ्याशी कातळात खोदलेला खंदक आहे आणि तो ओलांडला की वर जाण्याची जुनी वाट 'अंधारी'तून जाते. अंधारी म्हणजे कातळाच्या पोटात कोरलेला वळणावळणांचा चढता बोगदा. आत शिरताच डोळे निकामी होतात, पायऱ्यांची उंची सारखी नसते, त्यामुळे पाऊल अंदाजाने टाकता येत नाही, आणि वळणे अशी आहेत की पुढच्या माणसाला मागच्याचा उपयोग होऊ नये. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकणावर आग पेटवून सगळा बोगदा धुराने आणि उष्णतेने भरून टाकण्याची सोय होती. एका ठिकाणी उजेड पाहून माणूस तिकडे वळला की थेट खंदकात कोसळे, असेही तिथले गाइड सांगतात.

फँटसी खेळांमधली तळघरे मला बहुधा खोटी वाटतात, त्याचे कारण हेच की ती खेळाडूसाठी बांधलेली असतात. सापळा अशा जागी असतो जिथे खेळाडू येणार आहे; पण त्या घरात राहणाऱ्याने रोज तिथून जायचे कसे, याचा कुणी विचार केलेला नसतो. अंधारीचे तसे नाही. ती आतल्या माणसाला सोयीची आणि बाहेरच्याला घातक आहे, कारण आतल्याजवळ मशाल आहे, वळणे त्याला पाठ आहेत आणि झाकणाची बाजू त्याच्या ताब्यात आहे. तुमच्या किल्ल्यात खेळाडूला पहिल्यांदा शत्रू म्हणून खालून वर चढू द्या आणि कथेत पुढे केव्हातरी त्याच वाटेचा रखवालदार म्हणून वरच्या बाजूला उभे करा. ज्या सापळ्यांनी त्याला छळले तेच आता त्याला वापरायला मिळतील. नवा नकाशा काढावा लागणार नाही आणि तीच जागा त्याला दोन्ही अंगांनी ओळखीची होईल.

शिवकालीन किल्ल्यांचे गोमुखी दरवाजेही पाहून ठेवा. रायगडाचा महादरवाजा दोन भक्कम बुरुजांच्या आड असा वळवून घेतला आहे, की जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही, आणि दाराला धडक द्यायला हत्तीला पुरेशी धावही मिळत नाही. वरून दिसणाऱ्या टूडी खेळात हे वळण फार सुंदर दाखवता येईल.


प्रतिसाद : कंदीलवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. थडग्यांसाठी मशालीचा नियम आम्ही लगेच घेत आहोत. किल्ल्याची वाट दोन्ही बाजूंनी वापरण्याची कल्पना तर कथेलाच उपयोगी पडणारी आहे, कारण आमच्या कथेत तो किल्ला पुढे नायकाच्या ताब्यात येतोच, आणि त्याचे काय करायचे हे आम्हाला सुचत नव्हते.

अडचण उरते ती मिठाच्या खाणीची. 'खाण कोणी खणली' याचे उत्तर 'मीठ काढणाऱ्यांनी' इतके सरळ आहे की त्यातून काही निघत नाही. सध्या तिथे पांढरट भिंती, रुळांवरच्या गाड्या आणि कोळी आहेत. याला स्वतःचे काही कसे द्यावे?


प्रतिसाद : तटबंदी

मिठाची खाण ही तुमच्या यादीतली सगळ्यांत समृद्ध जागा आहे. तिला कोळशाच्या खाणीसारखी वागणूक मिळाली आहे, एवढेच. रूळ आणि कोळी काढून टाका आणि पोलंडमधल्या व्हिएलिच्का इथल्या खाणीची माहिती वाचा. तेराव्या शतकापासून 1996 पर्यंत तिथे मीठ निघत होते आणि तिची खोली 327 मीटर आहे. खाणकामगारांनी आत प्रार्थनास्थळे कोरली. त्यांतले सर्वांत मोठे, संत किंगाचे, जमिनीखाली सुमारे 100 मीटरवर आहे. तिथली फरशी, मूर्ती आणि भिंतींवरची शिल्पे मिठातूनच कोरलेली आहेत आणि झुंबरांना मिठाचे स्फटिक लावलेले आहेत. रहाट फिरवण्यासाठी घोडे खाली नेलेले असत. छताला आधार देणारे लाकूड मिठामुळे कुजत नाही, म्हणून शतकांपूर्वीचे ओंडके अजून जागेवर उभे आहेत.

या माहितीतून 'कोणी आणि कशासाठी' याचे उत्तर आपोआप मोठे होते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसे दिवसभर राबली, घाबरली, आणि ज्या पदार्थात राबली त्याच पदार्थातून त्यांनी आपले देव घडवले. तुमच्या खाणीतला बॉस अशा देवळात असू द्या.

नियमासाठी माझ्यासमोर दोन पर्याय आले. व्हिएलिच्कात छताशी मिथेन साचत असे आणि तो जाळून टाकण्यासाठी काही कामगार ओले कपडे घालून, जमिनीलगत सरपटत, लांब काठीच्या टोकावरची मशाल पुढे धरून जात. हे विलक्षण आहे, परंतु वरून दिसणाऱ्या खेळात छत दाखवता येत नाही, त्यामुळे खेळाडूला धोका दिसणार नाही. तो पर्याय सोडा. दुसरा पर्याय पाण्याचा आहे. मिठाच्या खाणीला सगळ्यांत मोठे भय गोड्या पाण्याचे असते. 1992 मध्ये व्हिएलिच्कातही पाणी आत घुसून मोठे संकट उभे राहिले होते. म्हणून नियम असा ठेवा की मिठाची भिंत पाण्याने विरघळते. खाणीत जुने बांध आणि झडपा आहेत. झडप उघडली की पाणी उताराने वाहते, वाटेतल्या मिठाच्या भिंती खाते आणि कातळाच्या भिंतींपाशी थांबते. खेळाडू स्वतः नकाशा बदलतो, आणि तो बदल परत घेता येत नाही.

गोडो 4 च्या टाइलसेटमध्ये प्रत्येक टाइलला कस्टम डेटा, म्हणजे आपण ठरवलेली माहिती, जोडता येतो. त्यात 'विरघळणारी' अशी एक खूण आणि उताराची दिशा एवढे ठेवले तरी पुरे. झडपेपासून शेजारच्या टाइल्स तपासत जाणारे साधे फंक्शन बाकीचे काम करील. चित्रांच्या बाजूने भिंतीची एक अर्धवट झिजलेली टाइल लागेल, म्हणजे तुमच्या मैत्रिणीवर फारसा भार पडणार नाही.

याची खरी गंमत निवडीत आहे. एका वाटेवरच्या भिंतीआड खजिना असावा, दुसरीवर खाणकामगारांनी कोरलेल्या मूर्ती असाव्यात, आणि पाणी एकाच बाजूला सोडता यावे. मूर्ती विरघळल्या तर वरच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी खेळाडूशी बोलताना ते लक्षात ठेवावे.


प्रतिसाद : नकाशेकरी

कल्पना उत्तम आहे. तांत्रिक बाजूने एवढेच जोडतो की बदल परत घेता येत नसेल, तर खेळाडू आत अडकून पडण्याची शक्यता सर्वांत आधी मिटवा. प्रवेशद्वारापासून बॉसपर्यंत आणि बॉसपासून बाहेर अशी एक वाट पूर्णपणे कातळाची ठेवा, म्हणजे झडपा कोणत्याही क्रमाने उघडल्या तरी ती शाबूत राहील. सेव्ह फाइलमध्ये सगळा नकाशा साठवू नका. कोणत्या झडपा कोणत्या क्रमाने उघडल्या एवढेच साठवा आणि खेळ सुरू होताना तेच फंक्शन पुन्हा चालवून नकाशा उभा करा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या पाण्याने भिंत खाल्ली असेल तर दुसरे पाणी वेगळ्या वाटेने जाईल. चाचणीला बसवलेल्या मित्रांना झडपांविषयी आधी काही सांगू नका. पहिली झडप त्यांनी आपणहून उघडली, तर नियम नकाशातूनच कळतो आहे असे समजा. न उघडल्यास पहिल्या खोलीतच गळणाऱ्या पाण्याखाली झिजलेली एक भिंत दाखवा.